निरोप समारंभानंतरचे शिक्षण

(एका अध्यापक विद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात चार शब्द बोलावेत असे निमंत्रण आले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या माहिती खात्यात दाखल झालेला, योजनांची वार्ता लोकांपर्यंत व लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोचविणारा मी एक सेवक. ज्यांनी आयुष्यभर हाती खडू धरला, त्यांना अध्यापनाविषयी सांगू जाणे म्हणजे वारकऱ्याला पंढरीची वाट दाखविण्यासारखे आहे. तरीही मी आलो, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, मी एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा आहे. दुसरे असे की, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली आपणासमोर दिल्यावाचून मला स्वस्थता लाभणार नाही.

पोस्टकार्डांची पेटी

माझे वडील १९७४ साली अध्यापक विद्यालयातून बाहेर पडले आणि डोंगरातल्या एका एकशिक्षकी शाळेत रुजू झाले. ते निवृत्त झाल्यावर घर आवरताना पत्र्याच्या एका पेटीत पोस्टकार्डांचा जाडजूड गठ्ठा सापडला. एकाच तुकडीतील पाच मित्र पाच तालुक्यांत विखुरले होते आणि कित्येक वर्षे ते एकमेकांना पत्रे लिहीत होते. सुखदुःख, बदली, बहिणीचे लग्न, पावसाने घातलेला घोळ हे सारे त्या पत्रांत होतेच. परंतु जवळजवळ प्रत्येक पत्राच्या अखेरीस शाळेतली एखादी अडचण लिहिलेली असे.

एका पत्रात वडिलांनी विचारले होते की, तिसरीतला एक मुलगा ५२ मधून २७ वजा करताना उत्तर ३५ लिहितो. समजावले, रागावलो, पुन्हा शिकविले, उत्तर तेच. काय करावे? पंधरवड्याने मित्राचे उत्तर आले. त्याचा भावार्थ असा : दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलगा सातातून दोन काढतो. त्याला आळशी समजू नकोस, त्याने स्वतःचा एक नियम बसविला आहे. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांध. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हाती दे आणि त्याच्याकडे सत्तावीस काड्या माग. गठ्ठा मात्र तू सोडू नकोस, त्याला सोडू दे.

वडिलांनी तसे केले आणि पुन्हा लिहिले की, काड्यांनी जमते, पण पाटी हाती घेतली की पुन्हा पस्तीस. आता तिसऱ्या मित्राने मार्ग सुचविला. काड्या आणि पाटी यांच्यामधली एक पायरी राहून गेली आहे. मुलाने गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाटीवरचे पाच खोडून चार आणि दोन खोडून बारा लिहायला लाव. हात आणि पाटी बरोबरीने चालू देत.

मित्रहो, एका वजाबाकीसाठी तीन शिक्षक दोन महिने पत्रव्यवहार करीत होते. यासाठी कोणी परिपत्रक काढले नव्हते, प्रवासभत्ता दिला नव्हता की प्रमाणपत्र वाटले नव्हते. निरोप समारंभाच्या दिवशी हाती पडलेल्या प्रमाणपत्राने माझे वडील शिक्षक झाले होते. पण ते चांगले शिक्षक झाले ते या पोस्टकार्डांमुळे, असे मला आज वाटते. 'शिक्षकांचा व्यावसायिक विकास' हा शब्दप्रयोग त्यांनी बहुधा ऐकलाही नसेल, पण त्याचे मर्म त्या पेटीत होते.

एका यशकथेचे अपयश

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक सातपुड्याच्या परिसरातील एका जिल्ह्यात होती. तेथील एका द्विशिक्षकी शाळेची कीर्ती कानावर आली, म्हणून मी छायाचित्रकारासह तेथे गेलो. मुलांच्या घरी पावरी बोलली जात असे आणि पाठ्यपुस्तक मराठीतले. तेथील शिक्षकांनी जोड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून शेकडो शब्दकार्डे तयार केली होती. पहिलीतली मुले ती कार्डे हाती घेऊन मोठ्या उत्साहाने वाचत होती. मी भारावून गेलो. परत येऊन यशकथा लिहिली. शाळेच्या भिंती बोलक्या झाल्या आहेत, मुलांच्या डोळ्यांत उद्याची स्वप्ने आहेत, अशी वाक्ये त्यात होती. लेख छापून आला, वाहवा झाली, कात्रण धारिकेत लागले.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो असता सहज शाळेत डोकावलो. ते शिक्षक बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेले तरुण शिक्षक मनापासून काम करणारे होते, पण वर्गात शब्दकार्डे कोठेच दिसेनात. मी विचारले तेव्हा त्यांनी कोठीचे कुलूप काढून एक पोते दाखविले. सारी कार्डे त्यात सुरक्षित होती. ते म्हणाले, “साहेब, तुमचा लेख मी दोनदा वाचला. पण ही कार्डे कोणत्या क्रमाने वापरायची, ते त्यात कुठेच नाही.”

मी निरुत्तर झालो. त्या कार्डांचे सारे सामर्थ्य त्यांच्या क्रमात होते. आधी मुलांच्या घरचे शब्द, मग घरी आणि शाळेत दोन्हीकडे चालणारे शब्द आणि त्यानंतर पुस्तकातले शब्द, अशी ती चढण होती. हे मला मूळ शिक्षकांनी सांगितले होते. मला ते रुक्ष वाटले, म्हणून मी ते गाळले आणि डोळ्यांतली स्वप्ने तेवढी ठेवली. तोवर शाळेत पहिलीचे दोन वर्ग येऊन गेले होते. त्या मुलांना पुन्हा अनोळखी भाषेतील पुस्तकाच्या पहिल्या पानापासून चाचपडावे लागले.

चूक माझी होतीच. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मला सतावतो. आपल्या व्यवस्थेत शिक्षकाची बदली झाली की कार्यभार हस्तांतरित होतो. हजेरीपट, रोख पुस्तिका, जडवस्तुसंग्रह नोंदवही, पोषण आहाराचा साठा, सारे मोजून दिले-घेतले जाते. पाच-सहा वर्षांच्या अध्यापनातून हाती आलेली समज मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही. ती शिक्षकाबरोबर निघून जाते आणि नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. त्या तरुण शिक्षकाला कोणाला तरी विचारायचे होते. कोणाला विचारावे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

साठ वर्षांपूर्वीची शिफारस

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जुने अहवाल चाळले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक. शिक्षक-प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे त्याचा एकाकीपणा, असे निदान या आयोगाने केले होते. प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून दूर, शाळांपासून दूर आणि एकमेकींपासूनही दूर. हे अंतर मिटविण्यासाठी आयोगाने अनेक उपाय सुचविले. त्यांपैकी एक उपाय आजच्या मेळाव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने आपल्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्षम संघ उभारावा, आणि जुने विद्यार्थी व अध्यापकवर्ग यांनी एकत्र बसून कार्यक्रमांचा व अभ्यासक्रमाचा विचार करावा, अशी ती शिफारस होती.

येथे 'कार्यक्षम' या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. वर्षातून एकदा एकत्र यावे, शाल-श्रीफळ द्यावे, जुन्या खोड्यांची आठवण काढावी, गोडाधोडाचे जेवण करावे आणि समूहछायाचित्र काढून पांगावे, हा संघाचा एक प्रकार झाला. त्यातला जिव्हाळा मी कमी लेखत नाही. पण आयोगाला अभिप्रेत असलेला संघ कामाचा होता. शाळेत रोज घाम गाळणाऱ्या शिक्षकाने आपल्या जुन्या संस्थेत परत यावे आणि सांगावे की, तुम्ही शिकविलेल्यापैकी हे उपयोगी पडले, हे पडले नाही, आणि हे तर तुम्ही शिकविलेच नाही. विद्यार्थ्याने गुरुगृही परत येऊन गुरूलाही शिकवावे, अशी ती कल्पना होती.

त्याच आयोगाने असेही म्हटले होते की, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे. तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब केला तर ते बारा ते अठरा महिने होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी व मुख्याध्यापकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. तीस वर्षांत त्याचे १,५०० तास होतात. दोन्ही दस्तऐवज एकच गोष्ट सांगतात. शिक्षक एकदा घडत नाही, तो निवृत्तीच्या दिवसापर्यंत घडत असतो.

या कामासाठी चौकट नाही, असेही म्हणता येणार नाही. पुण्यातील राज्य शिक्षणशास्त्र संस्थेचे १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये केंद्र शाळांची योजना आली, केंद्रप्रमुख नेमले गेले आणि केंद्रातील शिक्षक नियमितपणे एकत्र येऊ लागले. आज त्या बैठकीला आपण शिक्षण परिषद म्हणतो. म्हणजे पाट खोदलेले आहेत. तरी शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी का पोचत नाही?

मला याचे कारण असे दिसते. आपले प्रशिक्षण वरून खाली येते. राज्यस्तरावरील सुलभक जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला सांगतो, तालुका केंद्राला. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते. याहून मोठी अडचण अशी की, वरून उत्तरे येतात, पण शिक्षकाचा स्वतःचा प्रश्न खालून वर जात नाही. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणारा मुलगा ज्याच्या वर्गात बसला आहे, त्याला त्या दिवशी दुसऱ्याच विषयाची पुस्तिका मिळते. तासांची नोंद होते. प्रश्न तसाच वर्गात बसून राहतो.

साताऱ्याचा धडा

प्रशिक्षण आणि ऋणानुबंध यांची सांगड घालणारे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. खेडोपाडी शाळा काढायच्या तर खेड्यातच रमणारे शिक्षक हवेत, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठी १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. वसतिगृहात राहून, स्वतःच्या श्रमावर शिकून मोठी झालेली मुले पुढे त्याच संस्थेत शिक्षक म्हणून परतली. त्यांच्याच छायेखाली वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भाऊरावांच्या दृष्टीने माजी विद्यार्थी म्हणजे देणगीदारांच्या यादीतील नाव नव्हते. तो कामातला वारस होता.

अलीकडच्या काळातही सातारा जिल्ह्याने असाच एक धडा दिला. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास कुमठे बीटमधील शाळा पाहण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक जाऊ लागले. तेथे त्यांनी जमिनीवर आखलेल्या संख्यारेषांवर, काड्यांवर आणि शब्दांवर स्वतः काम करणारी मुले पाहिली आणि तेथील शिक्षकांशी संवाद केला. शिक्षकाला शिक्षकाने दिलेला दाखला किती लवकर पटतो, याचे ते प्रात्यक्षिक होते. मात्र मला भेटलेल्या शिक्षकांचा अनुभव असा की, जे एकटे जाऊन आले त्यांनी फरशीवर रेषा आखल्या आणि काही महिन्यांत त्या पुसल्या गेल्या. जे तिघे-चौघे मिळून गेले आणि परतल्यावर एकमेकांना विचारत राहिले, त्यांच्या वर्गात त्या रेषांचा उपयोग होत राहिला. पाहणे एका दिवसाचे असते, विचारत राहणे वर्षांचे असते.

संघाने काय करावे?

आज या विद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाची पुनर्रचना होणार आहे, असे मला कळले. त्यासाठी काही व्यवहार्य सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना, नोंदवहीची. कोणत्या वर्षी कोण उत्तीर्ण झाला, एवढी यादी कार्यालयात असतेच. त्यापुढे दोन रकाने वाढवावेत : हा शिक्षक कोणत्या बाबतीत इतरांना मदत करू शकेल आणि त्याला स्वतःला कोणत्या बाबतीत मदत हवी आहे. एखाद्या बाई बहुवर्ग अध्यापनात निष्णात असतील, एखादे गुरुजी गोंडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचनाकडे नेण्यात. सातपुड्यातल्या त्या तरुण शिक्षकाच्या हाती अशी वही असती, तर ते पोते कोठीत पडून राहिले नसते.

दुसरी सूचना, लहान गटांची. दोनशे जणांच्या सभेत कोणी आपली अडचण सांगत नाही. एका परिसरातील सहा ते आठ माजी विद्यार्थ्यांचा गट करावा आणि एका सत्रात एकच प्रश्न हाती घ्यावा. बैठकीला येताना मुलांच्या वह्या आणाव्यात, त्यातही चुकलेल्या उत्तरांच्या. बरोबर उत्तर मुलाला काय येते ते सांगते. चुकलेले उत्तर तो कसा विचार करतो ते सांगते. शिक्षकाला दोन्ही ठाऊक हवे. पुढच्या बैठकीत पहिले अर्धे तास फक्त एवढेच विचारावे की, मागच्या वेळी ठरले ते केले का आणि काय झाले?

तिसरी सूचना, नवशिक्यांच्या सोबतीची. पहिली नेमणूक बहुधा दूरच्या शाळेत होते. राहण्याची सोय नाही, गाव अनोळखी, दोन किंवा तीन वर्ग एका खोलीत. पहिल्या वर्षी ज्या सवयी लागतात त्याच पुढे हाडीमाशी खिळतात. म्हणून दर नव्या पदवीकाधारक शिक्षकास एक अनुभवी माजी विद्यार्थी वडीलभावाप्रमाणे किंवा थोरल्या बहिणीप्रमाणे नेमून द्यावा. त्याने महिन्यातून एकदा चौकशी करावी आणि वर्षातून दोनदा तरी त्याच्या शाळेत जाऊन बसावे. तपासणीसाठी जाऊ नये, शेरा लिहू नये.

चौथी सूचना, हस्तांतर टिपणाची. बदली होणाऱ्या शिक्षकाने चार पानांचे टिपण मागे ठेवावे. कोणती मुले कोठवर आली आहेत, कोणते साहित्य कोणत्या क्रमाने वापरले, काय फसले आणि गावात मदतीला कोण धावते. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. संघाने ही प्रथा म्हणून स्वीकारावी. माझ्या यशकथेत जे नव्हते ते त्या चार पानांत असेल.

पाचवी सूचना, परतफेडीची. आपल्या शाळांची दारे विद्यालयातील छात्राध्यापकांच्या सराव पाठांसाठी उघडावीत आणि पाठानंतर त्यांच्याशी मोकळेपणी बोलावे. दरवर्षी एक दिवस अध्यापकाचार्यांसमवेत बसून आपले प्रशिक्षण कोठे तोकडे पडले ते सांगावे. अध्यापकाचार्यांनीही ते मनाला लावून न घेता ऐकावे.

नेतृत्व कोणी करावे?

असा संघ चालविणे हे नेतृत्वाचे काम आहे. पण हे नेतृत्व पद, सेवाज्येष्ठता किंवा वक्तृत्व यांवर ठरू नये. पाच मित्रांच्या त्या पत्रव्यवहारात पुढारी कोण होता, हे मी शोधून पाहिले. दरवेळी जो आपली अडचण प्रथम लिहीत असे, तोच त्या वेळेपुरता पुढारी ठरत होता. गटप्रमुखाने बैठकीत पहिल्यांदा स्वतःची फसलेली गोष्ट सांगावी. वरिष्ठाने आपले अपयश सांगितले की कनिष्ठाची जीभ मोकळी होते. गटप्रमुखपद दरवर्षी फिरते ठेवावे.

भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट विशेषत्वाने सांगतो. रविवारी, दूरच्या गावी, सायंकाळपर्यंत चालणारी बैठक घरची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षिकेला प्रत्यक्षात बंदच असते. मग इतिवृत्तात 'भगिनींची उपस्थिती अल्प' असे लिहून आपण मोकळे होतो. बैठक जवळच्या शाळेत, दिवसाउजेडी आणि ठरल्या वेळी संपणारी असावी. लहान मूल सोबत आणण्यास मुभा असावी.

आजकाल प्रत्येक तुकडीचा भ्रमणध्वनीवर गट असतो. हे पोस्टकार्डापेक्षा कितीतरी वेगवान साधन आहे. पण त्यावर सकाळी सुप्रभात, रात्री शुभरात्री आणि मधल्या वेळेत परिपत्रकांची देवाणघेवाण एवढेच होत असेल, तर वेग वाढून उपयोग काय? आठवड्यातील एक दिवस केवळ वर्गातील प्रश्नासाठी राखून ठेवावा, त्या दिवशी फुलांची चित्रे पाठवू नयेत, एवढी शिस्त पुरेशी आहे.

अधिकारी आणि पंचायत सदस्यांस

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, अशा गटांना आपण सवलत द्यावी, पण त्यांचा विहित नमुना करू नये. छायाचित्रासह अहवाल मागितला की बैठक छायाचित्रासाठी होऊ लागते, हे आमच्या खात्याला चांगले ठाऊक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांस नेमता येत नाही. या तरतुदीचा आदर झाला तरी शिक्षकाला विचार करण्यास उसंत मिळेल.

पंचायत सदस्यांना एक छोटे काम सुचवितो. आपण शाळेत जाता तेव्हा पटसंख्या, छप्पर, पाणी, स्वच्छतागृह यांची चौकशी करता. ती केलीच पाहिजे. त्यापुढे एक प्रश्न वाढवावा : “गुरुजी, बाई, यंदा मुलांना काय शिकविणे अवघड जात आहे?” शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यासमोर हा प्रश्न आदराने विचारला गेला, तर शिक्षकाला आपली अडचण लपविण्याची गरज राहणार नाही. गावाने अडचण ऐकून घेतली की पुष्कळदा गावातच उपाय सापडतो. घरची बोली आणि शाळेची भाषा या दोन्ही जाणणारी एखादी आजी पहिलीच्या वर्गात आठवड्याला एक तास येऊन बसली, तरी त्या शब्दकार्डांचा क्रम ती सांगू शकेल.

माहेराची आठवण

शेवटी एक कटू वास्तव बोलून दाखवितो. गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद झाली. ज्या विद्यालयातून माझे वडील बाहेर पडले, त्याची इमारत आज दुसऱ्या कामासाठी वापरली जाते. तेथे मेळावा भरविणे आता शक्य नाही. अध्यापक विद्यालय हे शिक्षकाचे माहेर. पण माहेरचा वाडा पडला तरी बहिणींनी एकमेकींना पारखे होऊ नये, अशी आपली रीत आहे. बंद पडलेल्या विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांनाही आपल्या गटांत सामावून घ्यावे, ही माझी या संघाला कळकळीची प्रार्थना आहे. इमारत राहील की नाही हे आपल्या हाती नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा यांचे नाते टिकविणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

सातपुड्यातील त्या शाळेची हकिगत अर्धवट सोडणे योग्य होणार नाही. परतल्यावर मी बदलून गेलेल्या शिक्षकांचा पत्ता मिळविला आणि त्या दोघांचे दूरध्वनीवर बोलणे करून दिले. पुढच्याच सुट्टीत मूळ शिक्षक स्वखर्चाने तेथे गेले आणि दोघांनी मिळून ते पोते उपसले. दोघे एकाच अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी निघाले, अकरा वर्षांच्या अंतराने. एवढी ओळख आधी असती तर दोन वर्षे वाया गेली नसती.

संयोजकांच्या अनुमतीने मी आज प्रत्येक खुर्चीवर एक कोरे पोस्टकार्ड ठेवले आहे. ते घरी नेऊ नये. भोजनापूर्वी आपल्या तुकडीतील एका मित्राला किंवा मैत्रिणीला, जो आज येथे येऊ शकला नाही त्याला, त्यावर चार ओळी लिहाव्यात. ख्यालीखुशाली दोन ओळींत लिहावी. उरलेल्या दोन ओळींत आपल्या वर्गातील एक खरा प्रश्न विचारावा. उत्तर येईल, याची मला खात्री आहे. माझ्या वडिलांना आले होते.



जय हिंद! जय महाराष्ट्र!